संसदेच्या वर कोणी नाही, मग माओरींचे हक्क कोणाच्या भरवशावर?

रेवती_वेलिंग्टन
१२ एप्रिल २०२५

परवा गुरुवारी इथं न्यूझीलंडच्या संसदेत एक विधेयक पडलं. बाजूने ११ मतं, विरोधात ११२. आकडा ऐकून वाटेल, इतक्या फरकाने पडणार होतं तर धास्ती कसली घ्यायची? पण गेले पाच महिने ऑफिसात, मुलीच्या शाळेच्या फाटकाशी, बसमध्ये हाच विषय होता. माझी एक सहकारी माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. ती नोव्हेंबरपासून नीट झोपलेली नाही. आपल्याकडच्या बातम्यांत मात्र "तरुण खासदाराने कागद फाडून नाच केला" एवढाच व्हिडिओ फिरला. तो नाच नव्हता. तो हाका होता, माओरींची परंपरागत सामूहिक ललकारी, आणि त्यामागे १८५ वर्षं उभी होती. म्हणून हा धागा. मोठा होणार आहे, सवडीने वाचा.

विधेयकाचं नाव ट्रीटी प्रिन्सिपल्स बिल. ट्रीटी म्हणजे ६ फेब्रुवारी १८४० ला वाईतांगी इथं ब्रिटिश राणीचा प्रतिनिधी हॉब्सन आणि माओरी सरदार यांच्यात झालेला करार. त्याचा इंग्रजी मसुदा ४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याच्या हाती पडला. त्याने आणि त्याच्या मुलाने रातोरात त्याचं माओरी भाषांतर केलं. सगळा घोळ त्या एका रात्रीचा. इंग्रजीत पहिलं कलम म्हणतं, सरदारांनी सार्वभौमत्व पूर्णपणे राणीला दिलं. माओरीत शब्द आहे 'कावानातांगा'. 'कावाना' म्हणजे गव्हर्नर, माओरी जिभेवर बसलेला. आपण लॉर्डचा लाटसाहेब केला तसाच. म्हणजे माओरी मजकुरात राणीला मिळाली ती लाटसाहेबी. आणि दुसऱ्या कलमात सरदारांकडे राहिलं 'तिनो रांगातिरातांगा': आपल्या जमिनी, गावं आणि जे जे मोलाचं, त्या सगळ्यावरचं पुरतं स्वामित्व. पाचशेहून जास्त सरदारांनी करारावर खुणा केल्या, काही स्त्रियाही त्यात होत्या. त्यातल्या फक्त ३९ जणांची खूण इंग्रजी प्रतीवर आहे. बाकी सगळ्यांची माओरी मजकुरावर, आणि वाईतांगीत तर तो ऐकून, त्यावर दिवसभर वाद घालून, मग सरदारांनी हात पुढे केला.

आता संसद. न्यूझीलंडला एका पुस्तकात बांधलेली राज्यघटना नाही. वरचं सभागृह १९५० मध्ये कायदा करून बरखास्त केलं, तेव्हापासून एकच सभागृह. मुदत तीन वर्षं. आणि मुख्य गोष्ट अशी की संसदेने केलेला कायदा कुठलंही न्यायालय रद्द करू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयसुद्धा नाही. ज्याच्याकडे सभागृहात निम्म्याहून एक मत जास्त, त्याने ठरवलं की झालं.

मग वाईतांगीचा करार कुठे आहे? तो आपल्या आपण कायदा नाही. संसदेने ज्या कायद्यात "या कराराच्या तत्त्वांना धरून वागावं" असं वाक्य घातलं असेल, तिथंच तो न्यायालयाच्या हाती लागतो. १९८६ च्या सरकारी कंपन्यांच्या कायद्यात असं एक छोटं कलम होतं, नववं. सरकार जमिनी नव्या कंपन्यांच्या नावे करायला निघालं तेव्हा न्यूझीलंड माओरी कौन्सिल त्या कलमाच्या आधारे न्यायालयात गेली. १९८७ मध्ये अपील न्यायालयाच्या पाचही न्यायाधीशांनी एकमताने म्हटलं की हा करार भागीदारीसारखा आहे, दोन्ही बाजूंनी एकमेकांशी सचोटीनं वागायचं आहे. 'तत्त्वं' म्हणतात ती तिथून आणि वाईतांगी न्यायाधिकरणाच्या (कराराबद्दलच्या तक्रारी ऐकणारी संस्था) अहवालांतून हळूहळू घडली. परवा पडलेल्या विधेयकाला हीच तत्त्वं संसदेच्या शब्दांत नव्याने लिहायची होती. त्यात तीन मुद्दे होते: सरकारला राज्य करण्याचा आणि संसदेला कायदे करण्याचा पूर्ण अधिकार, माओरींचे वेगळे हक्क मान्य, पण ऐतिहासिक दाव्यांच्या तडजोडीत लिहिले असतील तेवढेच, आणि कायद्यापुढे सगळे समान.

करार दोघांनी केला, आणि त्याचा अर्थ एकाने बहुमताने ठरवायचा. माझ्या सहकारिणीची झोप उडाली ती यामुळे.

विधेयक ॲक्ट पक्षाचं, डेव्हिड सीमोर यांचं. २०२३ च्या निवडणुकीत या पक्षाला ११ जागा मिळाल्या. सरकार तीन पक्षांचं आहे आणि युतीच्या करारात नॅशनल पक्षाने पहिल्या वाचनापुरता पाठिंबा कबूल केला होता. १४ नोव्हेंबरला ते वाचन झालं. पक्षवार मतं पुकारली जात होती. 'ते पाती माओरी' या माओरी पक्षाचं नाव आलं तशी हाना-राफिती मैपी-क्लार्क ही २२ वर्षांची खासदार उभी राहिली, विधेयकाची प्रत मधोमध फाडली आणि 'का माते' हा हाका सुरू केला. तिच्या बाकांवरचे उठले, मग गॅलरीतले लोक उठले. सभापतींनी कामकाज थांबवलं, गॅलरी रिकामी केली. मी घरी लॅपटॉपवर बघत होते. हातातला चहा तसाच निवला.

१९ नोव्हेंबरला मी अर्धी रजा टाकून मुलीला घेऊन हिकोईत गेले. हिकोई म्हणजे पदयात्रा. उत्तर टोकापासून नऊ दिवस देशभरातून माणसं गोळा करत ती वेलिंग्टनला पोचली होती. पोलिसांच्या अंदाजाने त्या दिवशी ४२,००० लोक होते, आणि या देशाची सगळी वस्ती जेमतेम ५३ लाख. लाल-काळे-पांढरे झेंडे, आणि एकच घोष, "तोइतू ते तिरिती", करार टिकू दे. संसदेजवळ गर्दी अडली तेव्हा शेजारी एक आजी होत्या, हनुवटीवर मोको गोंदलेलं. माझ्या पणजीच्या हनुवटीवरही गोंदण होतं, म्हणून मी बघत राहिले. त्यांनी संत्रं सोलून अर्धं मुलीला दिलं आणि विचारलं, "तुझी नदी कोणती?" इथं ओळख सांगताना आधी डोंगर, मग नदी, नाव शेवटी. मुलगी म्हणाली, "हट नदी." आजी माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "कृष्णा." त्यांनी ते दोनदा नीट म्हणून बघितलं.

घरी आल्यावर मी निवेदन लिहायला बसले. इथं पहिल्या वाचनानंतर विधेयक निवड समितीकडे जातं आणि कोणीही, अगदी कोणीही, आपलं म्हणणं लेखी पाठवू शकतं. यावेळी इतके लोक एकदम आले की मुदत ७ जानेवारीवरून १४ वर न्यावी लागली. तीन लाखांहून जास्त निवेदनं आली, नव्वद टक्के विरोधात. एका विधेयकावर एवढी निवेदनं इथं आजवर कधी आली नव्हती. त्यातलं एक मराठी माणसाचं.

प्रश्न असतील तर विचारा. मला माहीत आहे तेवढं सांगेन.

---

काळी_शाई
१२ एप्रिल २०२५

उत्तम धागा. दोन शंका आहेत. तिथं माओरींसाठी राखीव जागा आहेत असं वाचलं होतं. म्हणजे त्यांना जास्तीचं मत मिळतं का? आणि पक्षवार मतं पुकारतात म्हणजे खासदार स्वतः मत देत नाहीत?

---

रेवती_वेलिंग्टन
१२ एप्रिल २०२५

दुसऱ्या शंकेचं आधी. रोजच्या मतदानात पक्षाचा प्रतोद उभा राहून "अमुक मतं बाजूने" असं सांगतो, बस्स. सद्सद्विवेकाचा विषय असेल तरच एकेकाचं मत.

जास्तीचं मत नाही. १९९६ पासून प्रत्येक मतदाराला दोन मतं आहेत, एक पक्षाला आणि एक आपल्या मतदारसंघातल्या उमेदवाराला. पक्षाला देशभरात जेवढी टक्केवारी तेवढ्या एकूण जागा. अट इतकीच की पाच टक्के तरी मतं हवीत किंवा एखादा मतदारसंघ जिंकलेला हवा. माओरी वंशाच्या माणसाला निवड असते: सर्वसाधारण यादीत नाव ठेवायचं की माओरी यादीत. माओरी यादीत असाल तर तुमचा मतदारसंघ माओरी, पण मतं दोनच. असे मतदारसंघ सध्या सात आहेत. माओरी यादीत किती नावं येतात त्यावर हा आकडा ठरतो. १९९६ ला पाच होते, २००२ पासून सात.

पण हे सरळ दिसतं तसं घडलेलं नाही. १८६७ ला या जागा सुरू केल्या तेव्हा चार दिल्या. लोकसंख्येच्या मानाने चौदा ते सोळा व्हायला हव्या होत्या. पुढे सव्वाशे वर्षं त्या चारच राहिल्या. जागा मुळात का द्याव्या लागल्या तेही बघण्यासारखं आहे. मतदानाला मालमत्तेची अट होती आणि माओरींची जमीन सामाईक, कोणा एकाच्या नावावर नाही. म्हणजे जमीन आहे पण मत नाही. गुप्त मतदान गोऱ्यांना १८७० मध्ये मिळालं. माओरी मतदार मात्र १९३० च्या दशकापर्यंत अधिकाऱ्यासमोर उभं राहून तोंडाने नाव सांगत. सगळ्यांदेखत.

---

वैनगंगाकाठ
१३ एप्रिल २०२५

रेवतीताई, वाचून बरं वाटलं. मी गडचिरोली जिल्ह्यातला, गोंड. आमच्याकडे लोकसभेची गडचिरोली-चिमूर जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव आहे. राज्यात अशा चार. पण एक फरक तुमच्या लक्षात आला असेलच. आमच्याकडे उमेदवार आदिवासी हवा, मतदार मात्र सगळे. निवडून यायचं तर आदिवासी नसलेल्यांची मर्जी राखावी लागते, पक्षाचं तिकीट लागतं. तिथं गेलेला आमचा माणूस आमच्यासाठी बोलेलच असं नाही. तुमच्याकडे कसं?

---

रेवती_वेलिंग्टन
१३ एप्रिल २०२५

दादा, इथं बरोबर उलट आहे. मतदार माओरी यादीतले हवेत. उमेदवार कोणीही उभा राहू शकतो, तो माओरी असलाच पाहिजे अशी कायद्याची अट नाही. त्यामुळे निवडून आलेल्याला आपल्याच लोकांना तोंड द्यावं लागतं.

२००४ मध्ये ते दिसलं. अपील न्यायालयाने आदल्या वर्षी म्हटलं होतं की किनारा आणि समुद्रतळ यांवर माओरींचा पारंपरिक हक्क असू शकतो, दावा ऐकला तरी पाहिजे. लेबर सरकारने लगेच कायदा करून तो किनारा सरकारजमा केला. तारियाना तुरिया त्याच सरकारात मंत्री होत्या. त्यांनी राजीनामा दिला, खासदारकीही सोडली, आपल्या माओरी मतदारसंघातून पोटनिवडणूक लढवली आणि निवडून आल्या. त्यातून माओरी पार्टी, म्हणजे आजची 'ते पाती माओरी', उभी राहिली. २०११ मध्ये तो कायदा गेला आणि त्याजागी दुसरा आला. त्यावरही इथं सगळे समाधानी नाहीत.

---

अ‍ॅड_जोशीकाका
१३ एप्रिल २०२५

वैनगंगाकाठ यांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. रेवती, तू वर्णन करते आहेस ते आपल्या इतिहासातले 'स्वतंत्र मतदारसंघ'. डॉ. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेत हेच मागितलं होतं आणि ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्यात ते मिळालंही होतं. गांधीजींचं येरवड्याच्या तुरुंगातलं उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार यांनंतर संयुक्त मतदारसंघ आले, राखीव जागा वाढून १४८ झाल्या. आदिवासींच्या राखीव जागांनाही पुढे संविधानाने तोच साचा लावला. वैनगंगाकाठ म्हणतात ती अडचण बाबासाहेबांना तेव्हाच दिसत होती. संयुक्त मतदारसंघात निवडून येणारा कोणाच्या मतांवर येतो, हा त्यांचा प्रश्न होता.

दुसरा मुद्दा कायद्याचा. आपल्याकडे १९७३ च्या केशवानंद भारती निकालापासून संसदेला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येत नाही. न्यूझीलंडला अशी चौकट नाही हे मी शिकवताना अनेक वर्षं सांगत आलो. पण तिथं काही कलमांना ७५ टक्क्यांची अट आहे ना?

---

रेवती_वेलिंग्टन
१४ एप्रिल २०२५

काका, आहे. निवडणूक कायद्यातली मोजकी कलमं अशी 'बांधलेली' आहेत: संसदेची तीन वर्षांची मुदत, मतदानाचं वय, गुप्त मतदान वगैरे. ती बदलायची तर ७५ टक्के खासदार किंवा सार्वमत लागतं.

माओरी जागांचं कलम त्या यादीत नाही.

हे कळलं त्या दिवशी मी कायद्याचं ते पान दोनदा वाचलं, म्हटलं आपलंच काही चुकतंय. मतदानाचं वय बदलायला तीन चतुर्थांश लागतात आणि १८६७ पासून चालत आलेल्या माओरी जागा उडवायला साधं बहुमत पुरतं. शीर्षकातला प्रश्न तिथून आला आहे.

---

निखिल_के
१४ एप्रिल २०२५

माझा प्रश्न मनापासून आहे, गैरसमज नसावा. तिसऱ्या मुद्द्यात, कायद्यापुढे सगळे समान, यात वावगं काय? मी सिडनीत राहतो. माझ्या मुलांना इथं कोणी वंश विचारून वेगळं वागवू नये असं मला वाटतं. मग तोच नियम सगळ्यांना का नको? १८४० मध्ये जे झालं त्याचं ओझं आज आलेल्या माणसाने किती पिढ्या वाहायचं?

---

रेवती_वेलिंग्टन
१५ एप्रिल २०२५

निखिल, हाच प्रश्न मी दोन वर्षांपूर्वी विचारला असता. उत्तर लांब आहे.

वाईकातोत १८६३ ला युद्ध झालं. त्याच वर्षी संसदेने न्यूझीलंड सेटलमेंट्स ॲक्ट केला: 'बंडखोर' ठरवलेल्यांची जमीन सरकारजमा. एकट्या वाईकातोत सुमारे १२ लाख एकर गेली. १८६५ ला नेटिव्ह लँड कोर्ट आलं. सामाईक जमिनीचे हक्क ठरवताना सुरुवातीला उताऱ्यावर जास्तीत जास्त दहा नावं. शेकडो जणांच्या हापूची (कुळांच्या गटाची) जमीन दहा जणांच्या नावावर, आणि त्या दहांना विकायची मुभा. उरलेल्यांना पत्ता लागायच्या आत जमीन हातची गेली. भाऊबंदकी आणि सातबारा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला हे आणखी फोडून सांगायची गरज नाही. १८७७ मध्ये सरन्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी वाईतांगीचा करार कायद्याच्या दृष्टीने शून्य ठरवला.

तारानाकीत पारिहाका नावाचं गाव होतं. ते फिती आणि तोहू या दोघांनी सांगितलं, शस्त्र उचलायचं नाही. सरकारने जप्त केलेल्या जमिनीवर मोजणीदार आले की गावकरी जाऊन नांगर धरायचे. पकडले की दुसरे यायचे. शेकडो जण तुरुंगात गेले, आणि त्यांना खटल्याशिवाय डांबून ठेवता यावं म्हणून संसदेने खास कायदे केले. ५ नोव्हेंबर १८८१ ला सुमारे १६०० शिपाई गावावर चालून आले. समोर लहान मुलं गात उभी होती. आपल्याकडे मिठाचा सत्याग्रह व्हायला अजून एकोणपन्नास वर्षं होती.

यातला एक धागा सोडू नकोस. ही जमीन कायद्याने गेली. सभागृहात वाचनं झाली, मतं पडली, बहुमत मिळालं, सही झाली. १८८४ मध्ये वाईकातोचा माओरी राजा तावियाओ राणीकडे दाद मागायला लंडनपर्यंत गेला. भेट मिळाली नाही. हा तुमच्या वसाहतीतल्या सरकारचा विषय आहे, असं सांगून अर्ज परत न्यूझीलंडला पाठवला. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याकडेच.

पुढे १९७५ ला माओरी नेत्या फिना कूपर ७९ व्या वर्षी उत्तर टोकापासून संसदेपर्यंत चालत आल्या, एक एकरही आणखी जाऊ द्यायची नाही म्हणून. त्याच वर्षी वाईतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं, पण त्याला फक्त नव्या तक्रारी ऐकता येत. १८४० पर्यंत मागे जायची मुभा १९८५ ला मिळाली. तिथं वृद्ध माणसं आपल्या मराएवर (गावाच्या सभास्थानी), आपल्या भाषेत साक्ष द्यायला लागली. त्याच्या शिफारशी बहुतेक बाबतीत सरकारला बंधनकारक नाहीत, तरी त्यातून वाटाघाटी झाल्या. १९९५ मध्ये वाईकातोचा कायदा झाला: १७ कोटी डॉलर, काही जमीन आणि माफी. त्या कायद्यावर राणी एलिझाबेथने वेलिंग्टनमध्ये स्वतः सही केली. एरवी सही गव्हर्नर जनरल करतो. तावियाओला जी भेट नाकारली, तिची परतफेड १११ वर्षांनी अशी झाली.

आता तुझ्या प्रश्नाकडे. समान नियम मलाही हवा आहे. पण जो नियम आज लिहायचा, तो जमीन कायद्याने काढून घेतल्यानंतर लिहायचा आहे. "इथून पुढे कोणीच कोणाचं काही घ्यायचं नाही" हे वाक्य घेणाऱ्याला आणि ज्याचं गेलं त्याला सारखं लागू होत नाही. आणि माओरी काही देणगी मागत नाहीत. करारात जे लिहिलं, सही घेतली, ते पाळा म्हणताहेत.

ओझ्याचं म्हणशील तर मी निवेदनात हेच लिहिलं. मला इथं राहायचा परवाना या सरकारने दिला. सरकारला तो अधिकार १८४० च्या करारातून मिळाला, ती लाटसाहेबी माओरींनी दिली म्हणून. इथं आमच्यासारख्यांसाठी शब्द आहे, 'तांगाता तिरिती', करारामुळे इथं असलेली माणसं. मी पाहुणी नाही आणि परकीही नाही, मी त्या कराराच्या एका बाजूची आहे. मग दुसऱ्या बाजूला न विचारता तो बदलला तर त्यात माझंही नाव येतं. निवेदन दोन परिच्छेदांचं होतं, याहून जास्त काही नव्हतं.

---

निखिल_के
१६ एप्रिल २०२५

दोनदा वाचलं. सगळं पटलं असं म्हणणार नाही, वंशावर आधारलेली यादी मला अजून खटकते. पण "कायद्याने गेली" हे मला माहीत नव्हतं. मी ती लढाईत गेली असं धरून चाललो होतो.

---

मुक्ता_लेखणी
१६ एप्रिल २०२५

नदीला माणसाचा दर्जा देणारा देश तो हाच ना? आपल्याकडेही गंगा-यमुनेबाबत तसा निकाल आला होता.

---

रेवती_वेलिंग्टन
१६ एप्रिल २०२५

हो, वांगानुई नदी, २०१७ चा कायदा. त्याच महिन्यात उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला तोच दर्जा दिला, सर्वोच्च न्यायालयाने जुलैत स्थगिती दिली. फरक असा की वांगानुईच्या माणसांनी १८७० च्या दशकापासून अर्जविनंत्या केल्या होत्या. नदीसाठी दोन जण बोलतात, एक सरकारने नेमलेला, एक नदीकाठच्या इवींनी, म्हणजे जमातींनी. त्यांची म्हण आहे: मी नदी आहे, नदी मी आहे. संत्रं देणाऱ्या आजींनी मुलीला नदी का विचारली ते मला हे वाचल्यावर कळलं.

---

वैनगंगाकाठ
१७ एप्रिल २०२५

आमच्या इथं मेंढा (लेखा) गावाची घोषणा आहे, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार." रेवतीताईंनी सांगितलेले ते दोन शब्द, लाटसाहेबी तुमची आणि गावाचं स्वामित्व आमचं, हे त्याच्याशी तंतोतंत जुळतं. मेंढ्याला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. कागद मिळाला तरी स्वतःचा बांबू विकायचा वाहतूक परवाना गावाच्या हाती यायला २०११ चा एप्रिल उजाडला, आणि त्यासाठी केंद्रीय मंत्र्याला गावात यावं लागलं.

जोशीकाकांना एक सांगायचं आहे. आमच्याकडे संविधान आहे, पाचवी अनुसूची आहे, आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ ला ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. मोठी गोष्ट आहे ती. पण तरी मार्च २०१८ मध्ये आमचे आदिवासी बांधव वनहक्काचे दावे मिळावेत म्हणून नाशिकहून मुंबईला चालत गेलेच ना. सोलवटलेल्या पायांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. दहावीच्या पोरांची परीक्षा म्हणून शेवटचा टप्पा रात्री चालले. चौकट असून चालावं लागतं आणि नसूनही चालावं लागतं.

---

अ‍ॅड_जोशीकाका
१७ एप्रिल २०२५

मान्य. मी चौकटीवर जास्त विसंबून बोललो. तरीही न्यायालयाचं दार असणं आणि नसणं यात फरक आहे. नियमगिरीला ते दार नसतं तर ग्रामसभांना विचारलं कोणी असतं? रेवतीच्या संसदेत तेवढं एक दार हवं, निदान त्या सात जागांपुरतं तरी ७५ टक्क्यांचं कुलूप.

---

रेवती_वेलिंग्टन
१८ एप्रिल २०२५

काका, कुलूप हवंच. पण मी माझ्या सहकारिणीला हे म्हटलं तेव्हा ती म्हणाली, कुलूप लावणारी संसदच, किल्ली तिच्याकडेच राहणार. तिच्या मते विधेयक पडलं ते ४२,००० माणसं चालली आणि तीन लाखांनी लिहिलं म्हणून. पंतप्रधानांचा नॅशनल पक्ष आधीपासून म्हणत होता की दुसऱ्या वाचनाला पाठिंबा देणार नाही, ते खरं. पण रस्ता रिकामा असता आणि समितीकडे पाच-पन्नास कागद आले असते, तर तो शब्द इतका पक्का राहिला असता का, याबद्दल तिला खात्री नाही. मलाही नाही.

---

मुक्ता_लेखणी
७ जून २०२५

धागा वर काढते आहे. हाका करणाऱ्या खासदारांना निलंबित केल्याची बातमी वाचली. रेवतीताई, काय झालं नेमकं?

---

रेवती_वेलिंग्टन
८ जून २०२५

५ जूनला संसदेने विशेषाधिकार समितीची शिफारस मंजूर केली. रावीरी वाईतीती आणि डेबी नारेवा-पॅकर या 'ते पाती माओरी'च्या दोन्ही नेत्यांना २१ दिवस, मैपी-क्लार्कला ७ दिवस. त्या दिवसांचा पगारही नाही. याआधी इथं सगळ्यात मोठं निलंबन तीन दिवसांचं होतं. त्यांच्यावर ठपका हा की हाका करत ॲक्ट पक्षाच्या बाकांसमोर गेले, त्यामुळे दुसऱ्या खासदारांवर दडपण आलं.

मतदान चालू असताना दुसऱ्या पक्षाच्या समोर जाऊ नये हा नियम मला समजतो. सभागृहाला शिस्त हवी. पण तीनाचे एकवीस कसे होतात ते मला समजत नाही. विशेषाधिकार समितीत सहसा सगळ्यांची संमती मिळवून निर्णय करायची रीत आहे, आणि यावेळी बहुमताने झाला. तीन आठवडे त्या दोघांच्या मतदारसंघांना सभागृहात आवाज नाही. नारेवा-पॅकर आणि वाईतीती, दोघंही माओरी मतदारसंघांतून आलेले आहेत, आणि मैपी-क्लार्कही. म्हणजे सातांपैकी तीन जागा एकाच ठरावाने गप्प.

---

ऑकलंडचा_सुशांत
९ जून २०२५

इतके दिवस नुसता वाचत होतो. आम्ही इथं दीड वर्ष झालं आलोय, रेसिडेंट व्हिसावर. नागरिकत्वाला अजून वेळ आहे, म्हणून निवडणुकीकडे लक्षच दिलं नव्हतं. आई पण रेसिडेंट व्हिसावर आहे, आठ महिने झाले. पुढच्या वर्षी निवडणूक आहे म्हणतात. आम्हाला काही करता येतं का?

---

रेवती_वेलिंग्टन
९ जून २०२५

सुशांत, येतं. इथं मतदानाला नागरिकत्व लागत नाही. रेसिडेंट व्हिसा हवा आणि सलग एक वर्ष इथं राहिलेलं असावं. तुमचं झालेलं आहे, त्यामुळे नाव नोंदवणं तुम्हाला सक्तीचंच आहे, मत देणं ऐच्छिक. अर्जात माओरी वंशाचे आहात का असा एक प्रश्न येईल, तिथं 'नाही' लिहायचं आणि नाव सर्वसाधारण यादीत जातं. आईंना आणखी चार महिने थांबावं लागेल. मध्ये त्या भारतात जाणार असतील तर वर्ष नव्याने मोजावं लागू शकतं, तेवढं तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

आणि निवड समितीला लिहायला तर कुठलीच अट नाही. आई आजही लिहू शकतात.